चव्वेचाळीस जागा

सही करा, नाहीतर निदान कॉफी घ्या.
उणे एकोणीस आहे आज, पेनातली शाई थिजते,
म्हणून पेन्सिली आणल्यात. शाळेतल्याच.

मला ओळखता तुम्ही.
एकतीस वर्षं तुमची पोरं नेली-आणली,
सात नंबरची पिवळी बस, व्हर्ना,
रडणाऱ्याला पुढे बसवणारी, भांडणाऱ्याला मागे.
एमेट टोलेफसनलाही ओळखता,
आता जरी त्याचं नाव निघालं की
तुम्ही गव्हाच्या भावावर घसरत असलात.

तो नऊ वर्षांचा होता. बर्फाचं वादळ.
मी डोकी मोजली, सव्वीस. दार लावलं, गिअर टाकला.
आणि मागून हा:
व्हर्ना, चुकलीस. जुनी नाहीये.
मी म्हटलं, बस खाली, सव्वीस भरले.
तर म्हणतो, माझं दप्तर मोजलंस तू.
त्याच्यावर टोपी आहे.

जुनी कुंपणापाशी सापडली, कमरेइतक्या बर्फात,
एक बूट हातात.
आज ती बँकेच्या खिडकीत बसते.
तिच्या हातून नोटा मोजून घेता तुम्ही.

तोच मुलगा. वेगळं काही केलं नाही त्याने.
वाळवंटातल्या तळावर कारकून होता,
बंदूक कमी, रजिस्टर जास्त.
एका रात्रीचा हिशेब त्याच्या टेबलावर आला:
वाहने दोन. शेळ्या चौदा. इतर अकरा.
त्याने वर विचारलं, इतर म्हणजे?
वरून उत्तर आलं, बस खाली.
मग त्याने अकरा नावं शोधली, वयासकट,
आणि जिथे छापली जातील तिथे धाडली.
सगळ्यात लहान नाव चार महिन्यांचं होतं.
बावीस वर्षं दिली त्याला.
अकराने भागून बघितलं मी एका रात्री.
भागाकार निःशेष जातो. म्हणून जास्त राग आला.

ड्वेन, तोंड फिरवू नकोस.
तुझा क्लिंट तिकडेच आहे, ठाऊक आहे मला.
तू म्हणतोस, घरचं धुणं चव्हाट्यावर आणलं याने.
आणलं. पण डाग रक्ताचे होते, ड्वेन,
आणि घर तुझंही होतं, माझंही.
उद्या क्लिंटला कुणी असं काही करायला लावलं
की पुढची तीस वर्षं डोळ्याला डोळा लागू नये,
तर त्याच्या शेजारी एमेट असावा
की नुसती मान डोलावणारा कुणी?
उत्तर देऊ नकोस. कॉफी घे.

पाद्री म्हणाले, आम्ही प्रार्थना करतोच आहोत.
करा ना. बसमध्येही करता येते.

शाळेने मोडीत काढलेली सात नंबर मी विकत घेतलीय.
हीटर डाव्या बाजूचाच चालतो.
शुक्रवारी पहाटे चारला निघायचं, अकरा तास,
लष्करी तुरुंगाच्या फाटकापर्यंत.
आत सोडणार नाहीत. बाहेर उभं राहायचं.
त्याच्या कोठडीतून फाटक दिसतं का, माहीत नाही.
आईने विचारलं होतं पत्रात.
उत्तरातली ती ओळ काळी करून आली.

जागा चव्वेचाळीस. कालपर्यंत नऊ नावं:
त्याची आई, जुनी,
ओल्सन बहिणी, ज्या वीस वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत
आणि दोघींनाही खिडकी हवीय.
बाकीचे येतील तेव्हा बघाल.

*

शुक्रवार. पावणेचार.
ड्वेनची सही नाही.
पायरीवर टायरच्या साखळ्या ठेवलेल्या, नव्या कोऱ्या,
किमतीची चिठ्ठी फाडलेली.
बर्फात त्याच्या बुटांचे ठसे, आलेले आणि गेलेले.

मी मोजते.
पुन्हा मोजते,
पिशव्यांवरच्या टोप्या उचलून बघत.
सतरा.
इंजिन गरम झालंय.
दार अजून लावलेलं नाही.